घरातल्या जपलेल्या वस्तूचं चित्र: झीज दाखवा, दुरुस्ती करू नका

टवका उडालेला कप, पोचे आलेली पितळी डबी, काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा, दोन दात पडलेली लाकडी फणी. बाहेरचं कोणी यांना हात लावणार नाही, घरातलं कोणी त्या टाकू देणार नाही. अशा वस्तूचं चित्र काढायला बसलं की एक गोष्ट हमखास होते: हात नकळत वस्तू दुरुस्त करायला लागतो. पोचा जरा कमी होतो, तिरकं झाकण सरळ बसतं, पुसट अक्षरं ठळक होतात. चित्र सुबक उतरतं, पण ते कुठल्याही डबीचं असतं, त्या डबीचं नसतं. खालची पद्धत मुख्यतः ही सवय मोडण्यासाठी आहे.

माध्यम गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. वास नाही, पसारा कमी, चूक वरून झाकता येते आणि वाळल्यावर रंग चमकत नाही. तैलरंगात काम करणाऱ्यांनाही मांडणी, रेखाटन आणि टोनचा (म्हणजे रंगाच्या उजळ-गडदपणाचा) भाग जसाच्या तसा लागू आहे.

वस्तू निवडताना

पहिल्या चित्रासाठी एकच वस्तू घ्या, साधारण ५ ते १२ सेंटीमीटरची. या मापाची वस्तू मूळ आकारातच रंगवता येते आणि लहानमोठं करताना होणाऱ्या चुका टळतात. अंगठी किंवा कर्णफुलासारखी दोन सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू मात्र तिप्पट करून काढा, नाहीतर ब्रशचं टोकच तिच्यापेक्षा मोठं पडतं.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: अगदी अशाच दहा वस्तूंत ही ठेवली, तर ती कशावरून ओळखाल? मिळालेली उत्तरं कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, जास्तीत जास्त तीन. ‘झाकणाची उजवी कड अंगठ्याने घासलेली.’ ‘बिजागरीचा खिळा बदललेला, नवा खिळा पांढरट.’ ‘तळ बसका, त्यामुळे डबी जराशी डावीकडे कलते.’ चित्रातला बारकावा या तीन जागांवर खर्च करायचा, बाकी सगळं ढोबळ चालेल.

वस्तू दुसऱ्या कुणाची असेल तर ती आधी त्या माणसाच्या हातात द्या आणि तो कशी धरतो ते बघा. बोटं जिथे पडतात तिथेच झीज असते आणि बहुधा तीच बाजू चित्रात समोर यायला हवी. हे विचारून कळत नाही, कारण विचारलं की लोक वस्तूची ‘चांगली’ बाजू दाखवतात.

आणि रंगवण्याआधी वस्तू घासूनपुसून लख्ख करू नका. पितळेवरचा काळपट थर एकदा निघाला की जुना थर परत येत नाही, आणि खोलगट नक्षीतल्या त्या काळपटपणामुळेच नक्षी उठून दिसते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे.

मांडणी आणि उजेड

बुटांच्या खोक्याची एक लांब बाजू आणि एक आखूड बाजू कापून टाका. लांब बाजू तुमच्याकडे, आखूड बाजू दिव्याकडे. आत चमक नसलेला राखाडी किंवा मातकट कागद असा लावा की तो मागून खाली वळत यावा. झाली मांडणी. खोक्यामुळे खोलीतला इकडचा तिकडचा उजेड अडतो आणि वस्तूची एकच स्वच्छ पडछाया पडते.

दिवा एकच, वस्तूपासून ५० ते ६० सेंटीमीटरवर, वरून साधारण ४५ अंशांत. उजव्या हाताने काम करत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली कागदावर येणार नाही. बल्ब ४००० ते ५००० केल्विनचा (म्हणजे ना पिवळा, ना निळसर) आणि सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० किंवा त्याहून जास्त असलेला घ्या. स्वस्त एलईडीखाली तांबूस रंग मेलेले दिसतात, आणि पितळ, लाकूड, चामडं हे सगळे तांबूसच. तुमच्या कागदावरही याच प्रतीचा उजेड हवा. वस्तू पिवळ्या दिव्याखाली आणि कागद पांढऱ्या दिव्याखाली असेल, तर कितीही मन लावून मिसळलेला रंग सकाळी चुकीचाच निघतो. छताचा दिवा बंद करा. तो चालू राहिला तर दुसरी फिकी पडछाया पडते आणि वस्तूचा घाट सपाट होतो.

बसताना डोळे वस्तूच्या थोडे वर असू द्या, म्हणजे वरचं तोंडही दिसेल आणि बाजूही. अंतर निदान ६० ते ७० सेंटीमीटर. याहून जवळ गेलात तर मान जराशी हलली तरी आकार बदलतो.

वस्तूच्या तळाभोवती पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवा आणि खुर्चीच्या पायांपाशी चिकटपट्टीच्या खुणा करा. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांडी (१८९०–१९६४) आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, भांडी आणि डबे रंगवत राहिला. त्याच्या टेबलावर अंथरलेल्या कागदांवर वस्तू कुठे ठेवायची याच्या अशाच पेन्सिलीच्या खुणा आहेत. वस्तू जराशी सरकली की त्याचं वेगळं चित्र व्हायचं. खुणा नसतील तर दुसऱ्या दिवशी वस्तू हुबेहूब त्याच जागी येत नाही, आणि आपण मात्र कालचं रेखाटन चुकलं म्हणून ते खोडत बसतो.

फोटोवरून काम करायचा मोह होईल. नोंद म्हणून एक फोटो जरूर काढा, पण एक मीटर लांब उभं राहून आणि झूम करून. मोबाइल २० सेंटीमीटरवर आणला तर वस्तूचा पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. शिवाय सावलीतले टोन फोटोत एकत्र काळे होतात. डोळ्यांना तिथे चार टोन दिसत असतात.

सामान

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), गुळगुळीत पोताचा जलरंगाचा. साधारण ९ सेंटीमीटरच्या वस्तूला १८ × १८ सेंटीमीटर पुरतो. चारही बाजूंनी मास्किंग टेप लावून तो फळीवर पक्का करा.

रंग सहा: टिटॅनियम व्हाइट, लेमन येलो, येलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि क्विनाक्रिडोन रोझ. काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना जवळजवळ सारखे मिसळले की पुरेसा गडद रंग मिळतो, आणि तो निळसर ठेवायचा की तपकिरी हेही आपल्या हातात राहतं. पांढरा इतर रंगांच्या दुप्पट-तिप्पट लागतो, ट्यूब मोठी घ्या. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा कोड वाचायची सवय लावा. अलिझरिन क्रिमझन (पीआर ८३) उजेडात फिका पडतो, क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९) टिकतो. चमकदार फ्लोरोसंट रंग तर टाळाच. वर्षानुवर्षं जपलेल्या वस्तूचं चित्र त्या वस्तूच्या आधी विटलं तर काय उपयोग.

ब्रश चार: १२ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटरचे फ्लॅट (चपटे), ४ आणि १ नंबरचे राउंड (गोल, टोकदार). पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि एक फक्त स्वच्छ पाण्यासाठी.

पांढऱ्या कागदावर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो, म्हणून आधी कागदाला मधला टोन द्यायचा. येलो ऑकर आणि चिमूटभर बर्न्ट सिएना, पण ॲक्रिलिकमधले, चारपट पाण्यात पातळ करून. गुआशचा अस्तर-थर दिला तर वरचा ओला रंग लागताच तो सुटतो आणि वर मिसळतो. वाळलेलं ॲक्रिलिक हलत नाही.

रेखाटन

फूटपट्टी वस्तूला लावून एकच माप घ्या: सगळ्यात मोठी रुंदी. तेवढी रुंदी कागदावर टिंबांनी मारा. बाकीची सगळी मापं डोळ्यांनी, या रुंदीच्या प्रमाणात. हात पूर्ण लांब करून पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा, उंची रुंदीच्या किती पट दिसते ते बघा. फूटपट्टीने खोली मोजायला जाऊ नका. वरून बघताना १० सेंटीमीटर खोल झाकण तीन-चार सेंटीमीटरच दिसू शकतं, आणि कागदावर तेवढंच यायला हवं.

इथे आपुलकी आडवी येते. मनगटी घड्याळाची डायल गोल आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे तिरकस ठेवलेल्या घड्याळातही ती दिसते त्यापेक्षा जास्त गोल काढली जाते. आवडती बाजू प्रेक्षकाकडे वळते, थोडी मोठीही होते. यावर दोन उपाय आहेत. एक, रेखाटन आरशात बघा. उलटं दिसल्याबरोबर चूक डोळ्यांत भरते. दुसरा, वस्तूऐवजी तिच्याभोवतीची रिकामी जागा काढा: कपाचा कान काढू नका, कानाच्या आतली पोकळी काढा. पोकळीबद्दल आपल्याला आधीपासून काही ठाऊक नसतं, म्हणून ती बरोबर येते. फणीच्या बाबतीत तर दात काढायला गेलात की संपलंच. दातांमधल्या फटी काढा, आणि पडलेल्या दातांची रुंद फट सगळ्यात आधी.

गोल वस्तूंमध्ये लंबवर्तुळं येतात. आधी मधली उभी अक्षरेषा, मग तिच्याशी काटकोनात वरचं आणि खालचं लंबवर्तुळ. खालचं वरच्यापेक्षा जास्त फुगीर असतं, कारण ते डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असतं. दोन्ही टोकं गोलच राहतात, टोकदार झाली की कप पानाच्या आकाराचा दिसायला लागतो. हा नियमाप्रमाणे बिनचूक आकार अगदी हलका काढून झाल्यावर वस्तू त्याच्यापासून कुठे हटते ते दुसऱ्या, जरा दाबलेल्या रेघेने नोंदवा: इथे दोन मिलिमीटर आत, इथे कड उचललेली. पोचा नेमका किती आणि कुठे आहे हे असं कळतं. थेट अंदाजाने काढलेली वाकडी वस्तू नुसती चुकलेली दिसते.

टोन ठरवणं

रंग काढण्याआधी कोपऱ्यातल्या रद्दी कागदावर ५ × ५ सेंटीमीटरचा नमुना करा, फक्त तीन टोनमध्ये: फिका, मधला, गडद. डोळे किलकिले करून बघा म्हणजे बारकावे गळतात. वस्तू आणि पार्श्वभूमी यांच्या टोनमध्ये कुठेतरी ठळक फरक हवा आणि कुठेतरी दोन्ही एकमेकांत मिसळायला हवेत. सगळीकडे सारखाच फरक असेल तर वस्तू कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. हा नमुना पंधरा मिनिटांत होतो आणि अर्ध्याहून जास्त चित्रं इथेच वाचतात.

चमक नसलेल्या एकरंगी पृष्ठभागाला एक नियम लावा: उजेडातला सगळ्यात गडद टोन सावलीतल्या सगळ्यात फिक्या टोनपेक्षा उजळच राहिला पाहिजे. सावलीत शिरलेला परावर्तित उजेड नेहमी रंगवला जातो त्यापेक्षा मंद असतो.

रंगवण्याचा क्रम

आधी पार्श्वभूमी, वस्तूच्या कडेवर एखादा मिलिमीटर चढवून. मग सगळी सावली, एकाच सपाट रंगात. मग मधले टोन, मग उजेड. कागदामागे लिहून ठेवलेल्या तीन ओळखीच्या जागा त्यानंतर आणि चमकेचे ठिपके सगळ्यात शेवटी.

पहिला थर इतका पातळ की फळी तिरकी केली तर ओघळ येईल. त्यानंतरचे थर दाट: ब्रश ओढला की सलग पट्टा उमटावा, पण केसांच्या रेघा राहू नयेत. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. वाळलेल्या थरावर ब्रश एकदाच फिरवायचा. दोनतीनदा घासलं की खालचा रंग जागा होतो आणि सगळं राडा होतं.

गुआश वाळताना टोन बदलतो. गडद रंग वाळल्यावर फिके पडतात, फिके रंग थोडे गडद होतात. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा एक फटकारा आधी तशाच कागदाच्या सुट्या पट्टीवर मारा, वाळू द्या, मग वस्तूशेजारी धरून बघा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

एका टोनमधून दुसऱ्यात जाताना ओल्यात ओलं घोळवण्यापेक्षा मधले दोन-तीन टोन पॅलेटवर आधीच तयार करा आणि शेजारी-शेजारी ठेवा. सांधा मऊ हवा असेल तिथे किंचित ओलसर ब्रश एकदा फिरवा.

दोन वस्तू जवळून

पितळी डबी. सोनेरी रंग वापरू नका, तो सगळीकडून सारखाच चकाकतो आणि वस्तू सपाट करतो. मधला टोन येलो ऑकर आणि थोडा बर्न्ट सिएना. उजळ भाग ऑकर, लेमन येलो आणि पांढरा. गडद भाग बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. सांध्यातला हिरवट थर म्हणजे ऑकरमध्ये अल्ट्रामरीनचा अगदी थेंब. धातूवर गडदाला लागूनच उजळ येतं, मधे पायऱ्या नसतात, म्हणून वरचा उजेड-सावलीचा नियम इथे चालत नाही. जसं दिसेल तसं ठेवा. चमकेचा ठिपका शुद्ध पांढरा नको, त्यात लेमन येलोचा अंश हवा, कारण पितळेवरून परतणारा उजेड पितळेचा रंग घेऊन येतो. आता अंगठ्याने घासलेली ती कड. तिथे नक्षीच्या रेघा ठळक सुरू होतात, पुसट होतात आणि नाहीशा होतात. त्या तशाच सोडायच्या, पूर्ण करायच्या नाहीत. घासलेल्या जागी काळपटपणा नसतो, पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि चमक तिथे पसरट, मऊ कडेची दिसते. या एका पसरट चमकेवरून ती डबी किती वेळा उघडली गेली ते कळतं.

टवका उडालेला पांढरा कप. पहिली गोष्ट, पांढरा कप पांढऱ्याने रंगवायचा नाही. उजेडाकडची बाजू म्हणजे पांढऱ्यात ऑकरचा कण, सावली म्हणजे पांढरा, अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएना. निव्वळ पांढरा फक्त चमकेच्या ठिपक्याला, आणि इथे तो खरोखरच पांढरा, कारण काचेसारख्या लेपावरची चमक दिव्याचाच रंग दाखवते. टवक्याभोवती काळी रेघ ओढायची नाही. टवका ओळखू येतो तो दुसऱ्याच कारणाने: बाकीचा कप चमकतो आणि टवक्याची जागा चमकत नाही. आतली माती खडबडीत असते, चहाचा डाग धरून तपकिरी झालेली असते. ऑकर, पांढरा आणि किंचित सिएना यांचा एकच कोरडा फटकारा, त्याच्या दिव्याकडच्या कडेला केसाएवढी गडद रेघ आणि पलीकडच्या कडेला तेवढीच उजळ रेघ. तीन फटकाऱ्यांपेक्षा जास्त लागले तर टवका मोठा झालाय असं समजा.

चष्म्याचं काम वाटतं तेवढं अवघड नाही: आधी काचेतून दिसणारी पार्श्वभूमी जिथे दिसते तिथेच रंगवा (नंबरच्या काचेत ती सरकलेली असते), मग काचेची गडद कड, मग एक-दोन ठिपके. कोरलेली किंवा छापलेली अक्षरं असतील तर दिसतात तेवढेच तुकडे काढा. नाव ठाऊक आहे म्हणून पूर्ण लिहू नका.

पडछाया

वस्तू तरंगतेय असं वाटलं तर दोष बहुतेक वेळा वस्तूत नसतो. जिथे ती कागदाला टेकते तिथली बारीक रेघ चित्रातल्या सगळ्यात गडद जागांपैकी एक असते आणि तिची कड तीक्ष्ण असते. वस्तूपासून दूर जाताना पडछाया फिकी होते, कड मऊ होते. बसक्या तळाची डबी असेल तर एका बाजूला ही गडद रेघ तुटते. ती तुटलेलीच ठेवा, त्यावरूनच डबी कलती दिसते.

अर्थ कुठून येतो

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी कवटी, विझलेली मेणबत्ती, घड्याळ अशा वस्तू मांडून आयुष्याच्या क्षणभंगुरतेची चित्रं काढली. बघणाऱ्यांना ती सांकेतिक भाषा येत होती. घरातल्या फणीला अशी कुठली ठरलेली भाषा नाही, तिचा अर्थ चार माणसांनाच ठाऊक असतो. मग तो बाहेरच्यांना कळावा म्हणून शेजारी सुकलेलं फूल, जुनं पत्र, मेणबत्ती ठेवण्याचा मोह होतो. टाळा. या वस्तू आपापला ठरीव अर्थ आणतात आणि फणी त्यात बुडते. परक्या माणसाला ती फणी कोणाची हे कळणार नाही, पण ती रोज वापरात होती आणि कोणीतरी ती मोडल्यावरही ठेवली, एवढं झिजेवरून नक्की कळतं.

दोन वस्तू घ्यायच्याच असतील तर त्यांच्यातल्या अंतरावर वेळ घालवा. एकीची पडछाया दुसरीवर पडली की त्या बांधल्या जातात. मधे एका वस्तूएवढी जागा सोडली की त्या वेगळ्या होतात. सारख्या अंतरावर, एका रेषेत, एकमेकींना न झाकणाऱ्या तीन वस्तू म्हणजे दुकानाची काच. एक तरी दुसरीच्या मागे अर्धी जाऊ द्या.

वस्तू गेलेल्या माणसाची असेल आणि बघताना मन भरून येत असेल, तर पार्श्वभूमी आणि पडछाया आधी पूर्ण करा. चाळीस मिनिटं काम, मग उठायचं.

बिघाड आणि उपाय

रंग खडूसारखे निर्जीव दिसले तर उजळ करायला नुसता पांढरा वापरलाय. उबदार रंगांत पांढऱ्यासोबत थोडा लेमन येलो घाला. रंग मातकट झाले तर एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग गेलेत किंवा पाणी घाण आहे. वाळल्यावर भेगा पडल्या तर थर जाड झाला किंवा कागद वाकला. बोटाला भुकटी लागत असेल तर पाणी जास्त पडून रंगातला गोंद कमी पडलाय. चकाकणारे डाग दिसले तर तिथे बोट लागलंय किंवा घासलं गेलंय. चुकलेली जागा ओलसर ब्रशने सैल करा, टिपकागदाने उचला, पूर्ण वाळू द्या आणि मगच पुन्हा रंग लावा.

चित्र पूर्ण झाल्यावर

टेप काढताना ती चित्रापासून बाहेरच्या दिशेला, कागदालगत ओढा. गुआश पाण्याने सुटतो आणि वॉर्निश लावलं तर टोन गडद होऊन सगळा तोल बिघडतो, त्यामुळे चित्र काचेमागेच ठेवायचं. आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, लावा, म्हणजे रंग काचेला टेकणार नाही. टेकला तर दमट हवेत तो काचेला चिकटतो. थेट ऊन येणारी भिंत टाळा.

फ्रेम बंद करण्याआधी कागदाच्या मागे, सुरुवातीच्या तीन टिपांच्या खाली, मऊ पेन्सिलीने वस्तूचं नाव, ती कोणाची, तिचं माप आणि तारीख लिहा. बॉलपेन नको: त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कागदातून पाझरू शकते.